सुईनं गाठ पसरते का?
किडनीच्या बायोप्सीविषयी थोडं समजून घेऊ

'बायोप्सी' हा शब्द आपल्याकडे दबक्या आवाजातच बोलला जातो. अमक्याची बायोप्सी करायची आहे असं कळलं की ऐकणारा पुढचं काही विचारतच नाही, "अरेरे" म्हणून मोकळा होतो. खरं म्हणजे बायोप्सी हा आजार नाही आणि उपचारही नाही. ती एक तपासणी आहे. संशयित जागेचा छोटासा तुकडा काढायचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. साइटवर काँक्रीटचा कोअर काढून लॅबमध्ये तपासतात, तसंच काहीसं. म्हणूनच विषय मेडिकलचा असला तरी आपल्या मॅगझिनमध्ये मांडावा असं वाटलं.

दुसरं कारण घरचं आहे. माझं आजोळ कारधा, जिल्हा भंडारा. नागपूरहून जुन्या हायवेनं रायपूरकडे निघालं की भंडारा शहर संपताच वैनगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडला की कारधा. पावसाळ्यात पेपरमध्ये 'कारधा येथे वैनगंगेची पातळी' अशी बातमी येते ना, तेच हे गाव. तिथे राहणाऱ्या माझ्या आबाजींच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, उजव्या किडनीत गाठ निघाली. वय ७१, डायबिटीस जुना, हृदयात एक स्टेंट. सोनोग्राफी केली होती प्रोस्टेटसाठी, आणि सापडली ही.

माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे घरात कुठलाही इंग्रजी कागद आला की "तूच वाच" म्हणून तो माझ्याकडे येतो. आबाजींचा रिपोर्टसुद्धा असाच मोबाइलवर हॉस्टेलला आला. रिपोर्ट वाचता आला, पण समजला नाही. मग एमबीबीएसला असलेल्या शाळेतल्या मैत्रिणीचं डोकं खाल्लं, लायब्ररीतली पुस्तकं चाळली, नागपूरच्या डॉक्टरांना प्रश्न विचारले. त्यातून जे कळलं ते इथे देते आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते. हा लेख वाचून कुणी उपचार ठरवू नयेत. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, एवढं जरी कळलं तरी पुष्कळ झालं.

गाठ सापडते कशी?

आपल्या दोन किडन्या पाठीच्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. प्रत्येकीची लांबी साधारण १० ते १२ सेंटिमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. आकार एवढासा, पण हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर फेकतं त्यातलं २० ते २५ टक्के एकट्या या जोडीकडे जातं. म्हणजे मिनिटाला एक लिटरहून जास्त! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सुईची भीती समजून घेताना लागेल.

किडनीत गाठ झाली तर पोटात दुखणं, लघवीतून रक्त जाणं आणि हाताला गोळा लागणं अशी तीन लक्षणं जुन्या पुस्तकांत दिलेली आहेत. आज ही तिन्ही एकत्र दिसणारे पेशंट दहा टक्क्यांहूनही कमी असतात. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन सर्रास होऊ लागल्यापासून बहुतेक गाठी दुसऱ्याच कशाची तरी तपासणी करताना अचानक सापडतात. पेशंटला काहीच त्रास नसतो. आबाजी तर गाठ सापडली त्या दिवशीसुद्धा सायकलवर धानाच्या बांधीवर जाऊन आले होते.

सोनोग्राफीनंतर सीटी स्कॅन होतो. इथे आपल्या इंजिनिअर मंडळींनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. सीटी स्कॅनचं यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड हे ईएमआय कंपनीतले इंजिनिअर होते. त्यांना १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल अॅलन कॉरमॅक यांच्यासोबत विभागून मिळालं. स्कॅनमधल्या प्रत्येक ठिपक्याला एक नंबर असतो, त्याला हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे, हाड बरंच अधिक. आधी साधा स्कॅन काढतात, मग शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन पुन्हा काढतात. दुसऱ्या वेळी गाठीचा नंबर १५-२० युनिटपेक्षा जास्त वाढला, तर गाठीला स्वतःचा रक्तपुरवठा आहे, म्हणजे ती ठोस आहे असं समजतात. नंबर वाढलाच नाही तर ती बहुधा पाण्याची पिशवी, म्हणजे सिस्ट. आणि गाठीत चरबीचा उणे नंबर दिसला तर ती बहुतेक वेळा अँजिओमायोलायपोमा नावाची साधी गाठ असते. तिला सुई लावायची गरजच पडत नाही, स्कॅनवरच निदान होतं.

आबाजींची गाठ ३.१ सेंटिमीटरची होती. ठोस, कॉन्ट्रास्ट घेणारी, चरबी नसलेली.

मग लगेच सुई का नाही?

स्तनात गाठ असो, थायरॉइडमध्ये असो की लिव्हरमध्ये, आधी सुईनं तपासतात आणि मग उपचार ठरवतात. किडनी मात्र अनेक वर्षं याला अपवाद होती. स्कॅनवर ठोस गाठ दिसली की थेट ऑपरेशन! यामागे कारणं होती, आणि ती समजण्यासारखी आहेत.

पहिलं कारण, किडनीतल्या ठोस गाठींपैकी बहुतेक कॅन्सरच्याच निघतात. मोठ्या गाठीत तर शक्यता आणखी वाढते. जिथे स्कॅननंच जवळपास उत्तर दिलं आहे, तिथे सुई टोचून काय वेगळं कळणार? दुसरं कारण रक्तस्राव. मिनिटाला लिटरभर रक्त खेळणाऱ्या अवयवाला भोक पाडायचं म्हणजे धास्ती वाटणारच. तिसरं, सुईच्या वाटेनं कॅन्सरच्या पेशी बाहेर पसरतील ही भीती. आणि चौथं, जुन्या बारीक सुयांनी निघणारा नमुना इतका थोडा असायचा की पॅथॉलॉजिस्टला ठामपणे काही सांगता येत नसे.

किडनीत सुई घालणं मात्र नवीन नाही. गाठीसाठी नव्हे, पण किडनीला सूज येण्याच्या आजारांसाठी कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी सुईच्या बायोप्सीची पद्धत १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. पेशंटला पालथं झोपवून करायची सुधारलेली पद्धत शिकागोच्या कार्क आणि म्युरकी यांनी १९५४ मध्ये मांडली. पुढे १९८२ मध्ये स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट लिंडग्रेन यांनी स्प्रिंगवर चालणारी बायोप्सी गन आणली आणि नमुना चांगला मिळू लागला.

मग बदललं काय?

दोन गोष्टी बदलल्या. एक, लहान गाठी जास्त सापडू लागल्या. चार सेंटिमीटरच्या आतल्या गाठी ऑपरेशन करून काढल्या आणि तपासल्या, तेव्हा साधारण पाचातली एक गाठ साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली निघते असं दिसलं. त्यात ऑन्कोसायटोमा नावाची गाठ पुष्कळदा असते. ती स्कॅनवर कॅन्सरसारखीच दिसते. म्हणजे पाचातल्या एकाचं ऑपरेशन ज्या आजाराच्या भीतीनं केलं, तो आजार त्याला नव्हताच.

दुसरी गोष्ट, उपचाराचे पर्याय वाढले. पूर्वी 'किडनी काढा' हा एकच रस्ता होता. आता फक्त गाठ काढून किडनी वाचवता येते. गाठ गोठवून किंवा तापवून जागच्या जागी जाळता येते. आणि काही पेशंटमध्ये ठरावीक महिन्यांनी स्कॅन करत नुसतं लक्ष ठेवता येतं. लहान गाठी सरासरी वर्षाला दोन-तीन मिलिमीटरच वाढतात आणि लक्ष ठेवण्याच्या काळात त्या शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन इतकं कमी आढळलं आहे. एकच रस्ता असतो तेव्हा कुणी नकाशा विचारत नाही. चार रस्ते झाले की विचारावा लागतो. बायोप्सी हा तो नकाशा.

म्हणून आज डॉक्टर साधा प्रश्न विचारतात : "रिपोर्ट काहीही आला तरी आपण एकच गोष्ट करणार आहोत का?" उत्तर 'हो' असेल तर बायोप्सीची गरज नाही. उत्तर 'नाही' असेल तर आहे.

चाळिशीतला धडधाकट माणूस, मोठी आणि संशयास्पद गाठ, ऑपरेशन नक्की. इथे सुई नको. गाठ मुख्यतः पाण्याची असेल तर सुईतून नीट काही मिळत नाही, तिथेही टाळतात. उलट पुढच्या पेशंटमध्ये सुई फार उपयोगी ठरते :

• पूर्वी दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर झालेला आहे आणि आता किडनीत गाठ दिसते. ती तिकडून आलेली की इथलीच?
• लिम्फोमाची शंका आहे. लिम्फोमाला औषधं लागतात, किडनी काढून उपयोग नाही.
• टीबी किंवा जुना जंतुसंसर्ग गाठीसारखा दिसतो आहे. आपल्या देशात हे विसरून चालत नाही.
• गाठ जाळायची किंवा गोठवायची आहे. एकदा जाळली की नंतर तपासायला काही उरत नाही.
• आजार आधीच पसरलेला आहे आणि औषध कोणतं द्यायचं ते गाठीच्या जातीवर ठरणार आहे.
• एकच किडनी आहे, किंवा वय आणि इतर आजार बघता ऑपरेशन करावं की थांबावं हा खरा प्रश्न आहे.

आबाजी या शेवटच्या गटातले. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं होतंच. डायबिटीसच्या माणसाची एक किडनी काढली तर उरलेलीवर किती भार पडेल, ही डॉक्टरांना काळजी होती.

लहान मुलांची गोष्ट मात्र वेगळी, हेही सांगायला हवं. मुलांमध्ये किडनीची गाठ बहुतेक वेळा विल्म्स ट्यूमर असते. तिथे सुई आधी लावावी की नाही याबद्दल जगातल्या मोठ्या तज्ज्ञगटांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. मोठ्यांचे नियम मुलांना लावू नयेत.

प्रत्यक्ष कशी करतात?

आधी रक्ततपासणी : हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठण्याची चाचणी. ब्लडप्रेशर ताब्यात हवं, लघवीत इन्फेक्शन नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, पण स्वतःच्या मनानं अजिबात नाही. आबाजींना स्टेंट असल्यामुळे त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच गोळी थांबवली आणि नंतर पुन्हा सुरू केली.

पेशंटला पालथं किंवा कुशीवर झोपवतात. सोनोग्राफी किंवा सीटीवर गाठ बघत बघत सुईची दिशा ठरवतात. त्वचेपासून आतपर्यंत बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. पूर्ण भूल सहसा लागत नाही. मग आधी एक बाहेरची पोकळ सुई गाठीच्या कडेपर्यंत नेऊन ठेवतात. तिच्यातून आत दुसरी, नमुना घेणारी सुई घालतात. साधारणपणे आतली १८ गेजची, म्हणजे १.२७ मिलिमीटर जाडीची असते आणि बाहेरची १७ गेजची. गेज वाढला की जाडी कमी, आपल्या वायरसारखंच!

आतल्या सुईच्या टोकाजवळ एक खाच असते. गनचा खटका दाबला की स्प्रिंगच्या जोरावर खाच असलेली सळई पुढे जाते, तिच्यात टिश्यू शिरतो आणि लगेच वरचं धारदार आवरण सरकून तो कापून बंद करतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. 'खट्' असा आवाज येतो. पेशंट दचकू नये म्हणून तो आवाज आधी ऐकवतात. आबाजी म्हणाले, "उंदराच्या सापळ्यासारखा वाजते." मेकॅनिकलवाल्यांनी विचार केला तर उपमा अगदी बरोबर आहे. स्प्रिंगमध्ये साठवलेली ऊर्जा, खटका आणि वेग. सुई हळू गेली असती तर गाठ पुढे ढकलली गेली असती. वेगामुळे ती कापली जाते.

बाहेरची सुई जागेवरच राहते, त्यामुळे एकाच वाटेनं दोन-तीन नमुने घेता येतात. किडनीला पुन्हा पुन्हा टोचावं लागत नाही आणि आजूबाजूच्या भागाला गाठीचा स्पर्श होत नाही. नमुने फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातात. नंतर काही तास झोपून राहायचं. ब्लडप्रेशर, नाडी आणि लघवीचा रंग यावर लक्ष ठेवतात.

पसरते का मग?

कारध्याला हा प्रश्न घराघरात चर्चिला गेला. शेजारचे एक काका रोज येऊन सांगायचे, "सुई लावू नका बापा, सुई लागली का गाठ खवळते." मोठ्या मामाचं वेगळंच, "काढूनच टाका ना, एक किडनी राहतेच." आई गप्प आणि मामी रडवेली. या काकांची चेष्टा करावीशी मला वाटत नाही. त्यांनी गावात पाहिलं ते खरंच आहे : अमक्याला सुई टोचली आणि सहा महिन्यांत तो गेला. पण त्या माणसाला सुई टोचली तेव्हा आजार कुठवर पोचला होता? सुईनंतर झालं म्हणजे सुईमुळे झालं असं होत नाही. पुलावरून ट्रक गेला आणि मग पूर आला, तर दोष ट्रकला द्यायचा का?

आता आकडे. हजारो पेशंटच्या एकत्रित अभ्यासांत असं दिसलं की बायोप्सीनंतर किडनीभोवती रक्त साचणं साधारण शंभरात पाच जणांमध्ये होतं आणि बहुतेकांचं आपोआप जिरतं. लघवीतून लाल रक्त शंभरात एखाद्याला. रक्त चढवावं लागणं हजारात चार-पाच जणांना. फुप्फुसाभोवती हवा शिरणं तेवढंच दुर्मीळ.

सुईच्या वाटेवर पेशी रुजणं शून्य आहे का? नाही. अशा केसेस नोंदल्या गेल्या आहेत, विशेषतः पॅपिलरी नावाच्या प्रकारात. पण त्या इतक्या थोड्या आहेत की जगभरात त्या एकेक करून मोजल्या आणि छापल्या जातात. दोन सुयांची पद्धत त्यासाठीच वापरतात. म्हणून काकांच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं : "फार क्वचित होऊ शकतं. पण ज्याला गरज आहे त्यानं बायोप्सी न करण्यातला धोका सहसा याहून मोठा असतो."

एक हजारावा भाग

आता आपल्या विषयाकडे येते. आबाजींची गाठ ३ सेंटिमीटर व्यासाचा गोल धरू. घनफळ येतं सुमारे १४,१०० घन मिलिमीटर. सुईतून निघणारा धागा १ मिलिमीटर जाड आणि १७ मिलिमीटर लांब धरला तर घनफळ सुमारे १३ घन मिलिमीटर. म्हणजे एका वेळी गाठीचा साधारण हजारावा भाग आपण बघतो! दोन नमुने घेतले तर पाचशेवा.

इथे आय.एस. ४५६ आठवतं. काँक्रीटबद्दल शंका आली तर कोअर घ्या, पण तीनपेक्षा कमी घेऊ नका, आणि ते संपूर्ण कामाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या जागांवरून घ्या, असं कोड सांगतं. सरासरी ताकद ८५ टक्के आणि कुठलाही एक कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. एका कोअरवर स्लॅबचं भवितव्य ठरवत नाहीत. गाठीलाही हेच लागू. म्हणून किमान दोन चांगले नमुने घेतात. मोठ्या गाठीच्या मध्यभागी मृत पेशी असू शकतात म्हणून नमुना कडेच्या जिवंत भागातून घेतात.

आणि म्हणूनच रिपोर्टमधला एक शब्द नीट वाचायला हवा : 'नॉन-डायग्नोस्टिक'. घरातले याचा अर्थ "काही निघालं नाही, सुटलो!" असा घेतात. तो अर्थ चूक आहे. नमुन्यावरून काही सांगता येत नाही एवढंच तो शब्द सांगतो. कोअर काढताना तुटला तर काँक्रीट पास झालं असं आपण म्हणतो का? एकत्रित अभ्यासांत अशा बायोप्सी शंभरात सुमारे चौदा निघाल्या, आणि पुन्हा केल्यावर त्यातल्या बहुतेकांत उत्तर मिळालं. याउलट रिपोर्टमध्ये 'कॅन्सर' असं स्पष्ट लिहिलं असेल तर ते जवळपास नेहमी खरं निघतं.

काचेखाली काय दिसतं?

नमुना मेणात बसवून केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढतात आणि रंगवतात. किडनीच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त आढळणारा प्रकार 'क्लिअर सेल', चारातले सुमारे तीन. या पेशी काचेसारख्या रिकाम्या दिसतात. का? त्यांच्यात चरबी आणि ग्लायकोजेन भरलेलं असतं, ते स्लाइड बनवतानाच विरघळून निघून जातं आणि मागे रिकामी जागा दिसते. त्यानंतर पॅपिलरी आणि क्रोमोफोब. ऑन्कोसायटोमाच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी ठासून भरलेल्या असतात आणि क्रोमोफोबशी त्यांचं इतकं साम्य असतं की तेवढ्याशा धाग्यावर पॅथॉलॉजिस्टसुद्धा कधी कधी नक्की सांगू शकत नाहीत. मग विशेष रंगचाचण्या कराव्या लागतात. कॅन्सर असेल तर त्याची ग्रेडही देतात, १ ते ४. आकडा वाढेल तसा आजार आक्रमक. सुईवरची ग्रेड मात्र कधी कधी खऱ्यापेक्षा कमी दिसते, कारण तोच हजारावा भाग!

पडद्यामागच्या या माणसाला पेशंट कधी भेटतच नाही. आपल्या देशात हे शास्त्र उभं करणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचं नाव फार वर आहे. मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी सांभाळली. त्यांना पद्मभूषण मिळालं. आज आपल्या विदर्भातल्या पेशंटला प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही. कारध्यापासून नागपूर साठेक किलोमीटर. तिथे मेडिकल, सुपर स्पेशालिटी, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते आधी विचारा. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवलं की ते सांगतात.

आबाजींचं काय झालं?

घरात आठ दिवस चर्चा चालली. एका संध्याकाळी मामाच्या घरी सगळे जमले असताना आबाजी म्हणाले, "माह्या किडनीची मीटिंग भरवली तुम्ही, अन् मलेच कोनी विचारलं नाही." सगळे चूप! दुसऱ्या दिवशी ते मामाला घेऊन नागपूरला गेले आणि डॉक्टरांना स्वतः विचारलं, "सुई लावून तुमचं काय ठरन?" डॉक्टर म्हणाले, "बाबा, गाठ आक्रमक निघाली तर ती जाळू किंवा काढू. शांत निघाली तर थांबू शकतो." आबाजी म्हणाले, "मंग लावा."

रिपोर्ट आठवड्यानं आला. क्लिअर सेल कॅन्सर, कमी ग्रेडचा. फोनवर तो शब्द वाचून दाखवताना माझा आवाज बसला होता. पण डॉक्टरांनी वय, हृदय, किडनीचं काम, गाठीचा आकार आणि ग्रेड हे सगळं एकत्र मांडून दाखवलं. सध्या लक्ष ठेवायचं. ठरल्या वेळी स्कॅन. गाठ चार सेंटिमीटरच्या वर गेली किंवा वर्षात पाच मिलिमीटरहून जास्त वाढली, तर जाळण्याचा विचार. 'कॅन्सर आहे आणि ऑपरेशन नाही' ही गोष्ट घरात अजूनही काही जणांना पचत नाही. मामा तर प्रत्येक स्कॅनच्या आधी जेवत नाही. आतापर्यंत दोन स्कॅन झाले, गाठ जवळपास तेवढीच आहे. पुढचं पुढे. आबाजींच्या दोन्ही किडन्या आज काम करताहेत आणि निर्णय त्यांनी स्वतः घेतलेला आहे.

घरून फोन आला तर

हॉस्टेलवर राहणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही असा फोन येऊ शकतो. "बाबांना गाठ निघाली, तू जरा इंटरनेटवर बघ ना." मेसच्या मावशींच्या किंवा ऑफिसातल्या काकांच्या घरातही हे होऊ शकतं. अशा वेळी शंभर साइट उघडण्यापेक्षा एका कागदावर हे प्रश्न लिहून डॉक्टरांकडे न्या :

१. गाठ ठोस आहे की पाण्याची? किती सेंटिमीटर? स्कॅनमध्ये चरबी दिसते का?
२. बायोप्सीच्या रिपोर्टमुळे उपचार बदलणार आहे का?
३. बायोप्सी कोण करणार, सोनोग्राफीवर की सीटीवर, आणि किती नमुने घेणार?
४. चालू असलेल्या गोळ्यांपैकी कोणती, किती दिवस थांबवायची, आणि परत कधी सुरू करायची?
५. रिपोर्ट 'नॉन-डायग्नोस्टिक' आला तर पुढे काय?
६. घरी गेल्यावर लघवीतून रक्त, ताप, चक्कर किंवा जोराचं दुखणं झालं तर कुठे यायचं?

आणि सातवा प्रश्न डॉक्टरांसाठी नाही. तो ज्याच्या अंगात गाठ आहे त्याला, त्याच्या शेजारी बसून विचारायचा : "तुम्हाला काय वाटतं?"